दहा लाख तीन

"डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण पसरल्यात. उजेडाला काहीच प्रतिसाद नाही," माझ्या तोंडावर वाकलेला माणूस म्हणाला.

त्यानं अंगठ्यानं माझी पापणी वर धरून ठेवली होती. बॅटरीचा उजेड डोळ्यात खुपत होता. उजेडाच्या कडेला मला एक चष्मा दिसत होता आणि चष्म्यामागे थकलेले डोळे. मी त्या डोळ्यांत बघत होतो. पण मी बघतोय हे त्या माणसाला कळत नव्हतं. त्यानं पापणी सोडली. ती आपसूक खाली पडली आणि परत अंधार झाला.

मग त्यानं माझ्या बोटाच्या नखावर पेन आडवं ठेवून जोरात दाबलं. कळ थेट मस्तकात गेली. मी हात झटकून मागं घेतला, निदान मला तसं वाटलं. हात होता तिथंच राहिला.

"दुखण्यालाही नाही," तो म्हणाला. "सिस्टर, बाहेर कोण आहे यांचं?"

"वडील आणि भाऊ. मिसेस पण आहेत."

"वडिलांना बोलवा."

तो माणूस म्हणजे डॉक्टर शिरगावकर. त्यांचा चेहरा मी पुढं पुष्कळदा पाहिला, पण त्या दिवसांत माझ्यासाठी ते फक्त एक आवाज होते. सगळी माणसंच आवाज झाली होती.

मी दिगंबर. तेव्हा कोल्हापुरातल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. माझी बायको कालिंदी दुसऱ्या शाळेत तोच विषय शिकवायची. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. भाताच्या मळणीला म्हणून आम्ही आजऱ्याजवळ आमच्या गावी गेलो होतो. दिवसभर खळ्यावर राबून मी घराच्या पुढच्या सोप्यात भुईवरच घोंगडं टाकून झोपलो. जाग आली ती पोटातल्या मुरड्यानं. वाटलं, काहीतरी बाधलं. उठून चूळ भरली तर पाणी घशाखाली उतरेना. उजाडेपर्यंत पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळायला लागली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, जीप आणली. गडहिंग्लज मागं पडलं तेव्हा मला मान धरवत नव्हती. कोल्हापूर यायच्या आत छाती हलायची थांबली, एवढंच आठवतं. परत शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती आणि माझा श्वास एक यंत्र घेत होतं.

काही चावलं होतं का, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, आणि दादानं माझं अंग वरून खालून न्याहाळलं. कुठं दाताची खूण नाही, सूज नाही, लाली नाही. नाही म्हणून सांगितलं. मेंदूचा फोटो काढला, त्यातही काही दिसलं नाही. पण मी हलत नव्हतो, डोळे उघडत नव्हतो, श्वास घेत नव्हतो. असा माणूस आत जागा असेल असं कुणाला वाटावं?

मी मात्र पूर्ण जागा होतो. घशातला कफ ओढून काढायला यंत्राची नळी सोडवायचे, तेव्हा जीव गुदमरायचा. परत जोडेपर्यंत मी मरत असायचो आणि कुरणे सिस्टर दुसऱ्या सिस्टरला आपल्या नणंदेच्या घरच्या बारशाची हकिकत सांगत असायच्या. कानाजवळ घामाचा ओघळ यायचा, त्याची खाज मला वेडा करायची. ओरडायला तोंड नव्हतं. रडायलाही येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं तर सिस्टर म्हणायच्या, डोळे चिकटलेत, पुसायला हवेत.

आबा आत आले. त्यांच्या धोतराला भाताच्या तुसाचा वास होता.

"हे बघा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मेंदू काम करत असल्याची एकही खूण मिळत नाही. हृदय चालू आहे ते यंत्र श्वास देतंय म्हणून."

"म्हंजे बरा न्हाई व्हायचा?"

"मला तशी आशा वाटत नाही."

आबांची पावलं उशाशी आली. मग त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. तो खरबरीत हात मला चांगला ओळखीचा होता.

"दिग्या," ते माझ्या कानाशी म्हणाले, "आईकडं निघालास नव्हं. भिऊ नगं बाबा. ती हाय तितं."

आबा, मी इथंच आहे, असं मी म्हणत होतो. सारखं म्हणत होतो. त्यांच्या हाताखाली, एवढ्या जवळ. त्यांनी हात काढून घेतला आणि पावलं दूर गेली.

कालिंदी आली की मला तिच्या बांगड्यांवरून कळायचं. तिला थोडाच वेळ आत सोडत. कुणी जवळ असलं की ती "अहो, ऐकताय ना?" एवढंच म्हणायची. सिस्टर लांब गेल्या की तिचा आवाज बदलायचा. बी.एड.ला आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासून एकांतात ती मला नावानंच हाक मारायची.

"दिगंबर," ती म्हणाली. "मला दुसरं काही बोलायला सुचत नाही. दहा लाख तीन घेऊ या. दोनानं जात नाही. तीनानं, अंकांची बेरीज चार, म्हणजे बाकी एक."

मला धक्काच बसला. मग मी त्या आवाजाला असा लटकलो की काही विचारू नका.

दहा लाख तीन हा आमचा दोघांचा आकडा होता. बी.एड.च्या वर्गात मी एकदा बोललो होतो की दहा लाखांच्या पुढची पहिली मूळ संख्या दहा लाख तीन. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पुस्तकात वाचलंत की करून पाहिलंत?" मी करून पाहिलं नव्हतं. तेव्हा कॅल्क्युलेटर आम्हाला परवडणारी वस्तू नव्हती, आणि असता तरी तिनं तो वापरू दिला नसता. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग घालून बघायचा. हजाराच्या पुढं जायची गरज नाही. दोन भाजक असतील तर दोघंही हजारावर असू शकत नाहीत, गुणाकार दहा लाखांच्या फार पुढं जाईल. आम्ही संख्या वाटून घेतल्या. मधल्या सुट्टीत, एस.टी.च्या थांब्यावर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भागाकार करायचो आणि एकमेकांचे तपासायचो. ते काम पूर्ण व्हायला सगळी टर्म गेली. शेवटचा भागाकार झाल्यावर ती म्हणाली, "आता भेटायला कारण काय?" मी तिच्या घरी मागणी घालायला आबांना पाठवलं.

"सातानं, बाकी चार," कालिंदी माझ्या कानाशी म्हणत होती. "अकरानं चार. तेरानंही चार. तिघांचं एक कसं, म्हणून तू किती खूश झाला होतास."

झालो होतो. एकापुढं एक सहा नऊ मांडले की त्या संख्येला या तिघांनीही पूर्ण भाग जातो, आणि दहा लाख तीन तिच्यापेक्षा चारनं मोठी. एवढ्याशा गोष्टीनं मी तेव्हा कट्ट्यावरून उडी मारली होती.

"वेळ झाली, ताई," सिस्टर म्हणाल्या.

ती गेल्यावर मी पुढचं एकटाच करू लागलो. सतरा. यंत्राच्या एका श्वासाला एक अंक. सतरानं बाकी बारा. एकोणीसनं चौदा. तेवीसनं नऊ. कागद नव्हता, आकडे डोळ्यांपुढं धरून ठेवावे लागत. मध्येच नळी सोडवायचे, सगळे आकडे सांडायचे आणि मी पहिल्यापासून मांडायचो. मला कुणी कुठंही हलवू शकत होतं, टोचू शकत होतं, मेला म्हणू शकत होतं. पण तेवीसनं भागल्यावर बाकी नऊच उरत होती. त्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नव्हती. भीती फार वाढली की मी एकोणतीसकडं वळायचो.

ती परत आली, परत गेली, असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. दरवेळी तिचा आवाज थोडा जास्त बसलेला असायचा. एकदा ती एकतीसपाशी आली आणि मधेच गप्प झाली. तिचं कपाळ माझ्या दंडावर टेकलं होतं. दंड ओला झाला. बाकी पाच, मी मनात म्हणालो. कालिंदी, पाच. म्हण ना.

मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी ते बोलणं झालं.

"डॉक्टर, आमी न्हेतो त्याला घरी," आबा म्हणाले. "असं नळ्यांत बांधून किती दिस ठेवायचं? आपल्या उंबऱ्याच्या आत जाऊ दे."

"नळी काढल्यावर फार वेळ राहणार नाहीत ते," डॉक्टर म्हणाले. "याची कल्पना असू द्या. हाताच्या फुग्यानं श्वास देत गावापर्यंत नेता येईल. तिथं मग…"

"तितं मग देवाची मर्जी."

"तुमचं काय म्हणणं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. कुणाला विचारलं ते मला कळलं. कालिंदीनं काय उत्तर दिलं ते मात्र ऐकू आलं नाही. ती फार हळू बोलली. नंतर दादाची पावलं बाहेर गेली आणि आबा दाराशी म्हणाले, "गाडी येऊस्तोवर बसू दे पोरीला त्याच्याजवळ."

मी मरणाला फारसं भिणारा माणूस नाही, असं मला तोपर्यंत वाटायचं. पण नळी काढल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. रोजच ते थोडं थोडं सोसत होतो. आता आमच्या सोप्यात, ओळखीच्या माणसांच्या गराड्यात, आबांच्या मांडीवर डोकं ठेवून ते होणार होतं, आणि कुणी नळी परत जोडणार नव्हतं. सगळे रडत असते आणि मला ते ऐकू येत असतं. मी आतून धडका मारल्या. मान, खांदे, बोटं, जीभ, पापण्या, एकेकाला हाका मारल्या. एकानंही ओ दिली नाही.

स्टूल जवळ सरकलं. बांगड्या वाजल्या नाहीत. तिनं बहुतेक हात मांडीवर घट्ट धरले होते.

"दिगंबर, सदतीसनं बाकी चार," ती म्हणाली. "एक्केचाळीसनं तेरा. त्रेचाळीसनं अडतीस. सत्तेचाळीसनं एकतीस." थोडं थांबून ती म्हणाली, "त्रेपन्न. त्रेपन्ननं बरोबर भाग जातो. बाकी शून्य."

माझा विश्वास बसेना. त्रेपन्न तर आम्हाला दोघांनाही तोंडपाठ होता, कारण तो एकानं हुकतो. दहा लाख चार असते तर बरोबर गेला असता. बाकी बावन्न.

"बाकी शून्य," ती परत म्हणाली. "म्हणजे दहा लाख तीन ही मूळ संख्या नाही, दिगंबर. आपण इतके दिवस उगीच म्हणत होतो."

हिचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. इतक्या दिवसांचं जागरण, उपास. मला तिची दया आली आणि त्याच वेळी असा संताप आला की सांगता येत नाही. या जगात माझ्याकडं एवढी एकच गोष्ट शाबूत उरली होती, आणि ती हिनंच मोडून टाकावी. बावन्न, मी ओरडत होतो. बावन्न. माझ्या शरीराचा केससुद्धा हलला नाही.

ती काही वेळ बसून राहिली. मग स्टूल मागं सरकलं आणि ती उठली. तिची पावलं खाटेच्या कडेनं पायांकडं गेली. चादर ओढल्यासारखी हलली.

आणि माझ्या डाव्या पायाचा अंगठा कशाला तरी लागला.

तिचे हात थांबले. "डॉक्टर," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं, "सिस्टर, डॉक्टरांना बोलवा. पाय हलला यांचा."

डॉक्टर आले. "असं कधी कधी आपोआप होतं, बाई," ते म्हणाले. "पाठीच्या कण्यातून होतं. त्याचा अर्थ काढू नये."

"डॉक्टर, तुम्ही अंगठ्यावर हात ठेवा," कालिंदी म्हणाली. मग मला म्हणाली, "अहो, ऐका. मी पाढा म्हणते. चुकला तर अंगठा हलवा. बरोबर असेल तर हलवू नका." ती पाढा म्हणू लागली. "सात अठ्ठे पंचावन्न."

मी सगळा जीव त्या अंगठ्यात नेला. तो तांदळाच्या दाण्याएवढा हलला असेल.

"सात अठ्ठे छप्पन्न."

मी तो तसाच ठेवला. न हलवणं हेही तेव्हा एक काम होतं.

डॉक्टरांचा हात अंगठ्यावरच राहिला. मग त्यांनी स्वतः विचारलं, "बारा साते चौऱ्याऐंशी." मी स्वस्थ राहिलो. "तेरा गुणिले नऊ, एकशे अठरा."

मी हलवला. तेरा नवे एकशे सतरा.

डॉक्टरांचा हात माझ्या पायावर घट्ट झाला. ते उशाशी आले, त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी वर उचलली आणि या वेळी बॅटरी लावली नाही. "दिगंबरराव," ते म्हणाले, "गेले सगळे दिवस तुम्हाला ऐकू येत होतं? येत असेल तर हलवा."

मी हलवला. त्यांनी "माफ करा" म्हटलं ते इतकं हळू की ते मला म्हणाले की स्वतःला, हे समजलं नाही. मग ते वळून मोठ्यानं म्हणाले, "गाडी परत पाठवा. वडिलांना विचारा, हा मुलगा कुठं झोपला होता."

भुईवर, असं उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, "मण्यार." मण्यार सापाचे दात बारीक असतात. खूण राहत नाही, दुखत नाही, झोपेत कळतही नाही. विष नसांतून स्नायूंना जाणारे निरोप बंद करतं. मेंदू शाबूत राहतो. यंत्रानं श्वास देत राहिलं तर त्याचा जोर हळूहळू ओसरतो. माझा ओसरायला लागलाच होता, अंगठ्यापासून.

मी बरा झालो. आधी बोटं आली, मग पापण्या, सगळ्यात शेवटी गिळणं. मला सगळं ऐकू येत होतं हे आबांना कळल्यावर ते दोन दिवस आत यायलाच तयार होईनात. बाहेर बाकावर बसून राहिले. शेवटी दादानं हाताला धरून आणलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि भिंतीकडं बघत उभे राहिले. त्या बोलण्याचा विषय मी त्यांच्याजवळ कधी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

डॉक्टर शिरगावकरांनी ही गोष्ट पुढं अनेकांना सांगितली. गणिताच्या मास्तरला चुकीचा भागाकार सहन झाला नाही आणि तो मरणातून परत आला, असं ते सांगायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. माझा स्वभाव तसा होताच. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात एक्क्याण्णवला मूळ संख्या म्हटलं म्हणून मी भर सभेत उभा राहून तेरा साते एक्क्याण्णव सांगितलं होतं आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली होती.

एका रविवारी सकाळी कालिंदी सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. आबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एका मुलानं भागाकारात काहीतरी भलतंच लिहिलं होतं. मी डोकावून म्हणालो, "तुझाच विद्यार्थी. त्रेपन्ननं बाकी शून्य काढणाऱ्या बाईंचा."

तिनं पेन खाली ठेवलं.

"ते चुकून नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे मला चिडवायला?"

"नाही." ती खिडकीकडं बघत होती. "तू ऐकतोयस असं सुरुवातीला वाटायचं. नंतर नाही वाटलं. आबांना मी हो म्हटलं होतं, दिगंबर. गाडी आणायला दादांना मीच जा म्हणाले."

मी तिच्यासमोर बसलो.

"मला खात्री करून घ्यायची होती," ती म्हणाली. "वाटलं, हा माणूस चुकीचा भागाकार ऐकून गप्प राहिला तर तो इथं नाहीच. मग न्यायला हरकत नाही. एकदा म्हणाले, तू गप्प. परत म्हणाले, तरी गप्प. मग माझी खात्री पटली."

"आणि उठलीस."

"उठले. तुझे पाय उघडे पडले होते. बाहेर नेताना लोक बघतील म्हणून ते तेवढे झाकायला गेले." तिनं साडीचा काठ बोटाभोवती गुंडाळला. "इतकी वर्षं सगळे म्हणतात, बाईंनी शेवटपर्यंत धीर सोडला नाही. मी सोडला होता. तुझ्या त्रेपन्ननं वाचवलं तुला, मी नाही."

मी तिच्या बोटाभोवतीचा काठ सोडवला. मग म्हणालो, "त्रेपन्ननंही नाही वाचवलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"त्रेपन्नला मी खूप ओरडलो. काही हललं नाही. मग मी तो नाद सोडून दिला. शून्य तर शून्य, म्हटलं. तू बसून होतीस तोवर तेवढं पुरे होतं."

"मग अंगठा कशानं हलला?"

"तुझं स्टूल मागं सरकलं. तू निघालीस."

 पुढचा पेपर तिनं समोर ओढला, पेन उचललं. मी चहा ठेवून, गाळून, कप घेऊन परत आलो तरी त्या पेपरावर लाल शाईची एकही खूण झाली नव्हती.